तुरुंगांतील मादक द्रव्यें आणि कायद्याच्या शब्दांचा अर्थनिर्णय

(१)

निवाडपत्र, महजर अथवा धर्मशास्त्राची एखादी जीर्ण पोथी हातीं आली म्हणजे आपण तिच्यांतील एकेका अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून पाहतों. एक मात्रा गळाली, एखाद्या ‘वा’ चा ‘च’ झाला, कीं अर्थ कोठल्या कोठें जातो, याचा अनुभव या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. आपल्या या कामांत चूक झाली तर एखाद्या घराण्याची वंशावळ बिघडते, किंवा एखाद्या लढाईची तिथि एका दिवसानें पुढेंमागें होते. पुढील संशोधक ती सुधारून घेतो. परंतु हेंच काम न्यायाधीश करतो तेव्हां त्याच्या एका शब्दार्थावर जिवंत माणसाच्या आयुष्यांतील वर्षें अवलंबून असतात, आणि तेथें झालेली चूक पुढील आवृत्तींत दुरुस्त करून भागत नाहीं.

तुरुंगांत मादक द्रव्यें आणणें व बाळगणें यांस प्रतिबंध करणारे जे कायदे आहेत, त्यांतील दोनचार शब्दांचा अर्थ निरनिराळ्या न्यायालयांनीं कसा लाविला, हें पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. विषय अर्वाचीन आहे, आणि त्यांतील बराचसा भाग परदेशचा आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्यास माझीं दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, आपल्या देशांतील तुरुंगाच्या कायद्याचा मूळ पाठ १८९४ सालचा आहे. सव्वाशें वर्षांहून जुना दस्तऐवज हा इतिहासाचा विषय झालाच. दुसरें असें कीं, विधि आणि निषेध यांचीं वाक्यें कशीं लावावीं याचें शास्त्र जैमिनीपासून आपल्या घरांत आहे. किशोरीलाल सरकार यांनीं १९०५ सालच्या टागोर कायदेव्याख्यानांत मीमांसेचे नियम न्यायालयांस कसे उपयोगी पडतील हें दाखविलें, व तीं व्याख्यानें १९०९ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्यांचा रोख हिंदु धर्मशास्त्रावर होता. मी तीच कसोटी एका अगदीं लौकिक विषयास लावून पाहणार आहें.

(२)

प्रथम आपला मूळ पाठ पाहूं. १८९४ च्या तुरुंगाच्या कायद्यांत ‘निषिद्ध वस्तु’ अशी एक संज्ञा आहे. तिची व्याख्या तिसऱ्या कलमांत येते. पण त्या व्याख्येंत अफू, गांजा, दारू असें एकही नांव नाहीं. जी वस्तु तुरुंगांत नेण्यास अथवा तेथून बाहेर आणण्यास या कायद्याखालील नियमांनीं मनाई केली आहे ती निषिद्ध वस्तु, एवढेंच तेथें म्हटलें आहे. म्हणजे सूत्रकारानें संज्ञा केली आणि संज्ञी कोण हें वृत्तिकारावर सोपविलें. या रचनेचा परिणाम असा कीं, एखादी वस्तु निषिद्ध कीं नाहीं हें तिच्या गुणावरून ठरत नाहीं. ती कोणत्या दारांतून आंत जात आहे यावरून ठरतें.

याचें महत्त्व कळण्यास त्याच साली बाहेर काय चाललें होतें तें पाहिलें पाहिजे. १८९३ सालीं इंग्लंडांतील कॉमन्स सभेंत गांजाविषयीं प्रश्न निघाला व त्यावरून हिंदुस्थान सरकारनें एक चौकशीमंडळ नेमिलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. या मंडळाचा अनेक खंडांचा अहवाल १८९४ सालींच पूर्ण झाला. भांग, गांजा व चरस यांचें मित सेवन विशेष अपायकारक नाहीं, व सरसकट बंदी करण्याचें कारण नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. मक्ता, परवाना व कर यांच्या द्वारां नियंत्रण ठेवावें अशी त्याची शिफारस होती. आपल्या नगर जिल्ह्यांत त्या काळीं गांजाचें पीक परवान्यानें निघत असे. तेव्हां एकाच वर्षीं एकाच सरकारनें बाहेर गांजा परवान्यानें विकूं दिला, आणि तुरुंगाच्या भिंतीच्या आंत काय जाऊं द्यावयाचें व काय नाहीं हें ठरविण्याचा अधिकार स्वतंत्र नियमांकडे ठेविला. यांत विसंगति नाहीं. एक द्रव्याचा निषेध आहे, दुसरा देशाचा, म्हणजे स्थानाचा निषेध आहे. हा भेद पुढील सर्व विवेचनांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावा अशी विनंति आहे.

कौटिल्यासही हा भेद अपरिचित नव्हता. अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मद्य गांवाबाहेर नेऊं देऊं नये असें सांगून लगेच, ज्याची शुचिता माहीत आहे अशा माणसास कुडुबाच्या चौथ्या भागापासून प्रस्थापर्यंत मोजून दिलेलें अल्प मद्य नेण्याची मोकळीक ठेविली आहे. द्रव्य एकच, स्थान, पुरुष व परिमाण यांनीं त्याची ग्राह्यता बदलते. आजच्या कायद्यांतील ग्रॅमांचे आंकडे पाहून ज्यांस नवल वाटतें, त्यांनीं तें प्रकरण अवश्य पाहावें.

(३)

आतां शब्दांकडे वळूं. पहिला शब्द ‘आणणें’.

१८९४ च्या कायद्याचें ४२ वें कलम नियमाविरुद्ध निषिद्ध वस्तु तुरुंगांत आणणारास अथवा तसा कोणत्याही प्रकारें प्रयत्न करणारास लागू पडतें. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. येथें एक शंका उत्पन्न होते. मनुष्य रस्त्यांत पकडला गेला, त्याच्या खिशांत पुडी होती, आणि शिपायांनीं त्यास दोरी लावून तुरुंगांत नेलें. तर तुरुंगांत पुडी ‘आणली’ कोणीं? व्याकरणाच्या दृष्टीनें प्रश्न सरळ आहे. क्रियेंत जो स्वतंत्र तो कर्ता असें पाणिनि सांगतो. मनुष्यास आणण्याच्या क्रियेंत शिपाई स्वतंत्र आहे व मनुष्य कर्म आहे. मग जो स्वतः कर्म झाला तोच त्याच क्षणीं पुडीच्या बाबतींत कर्ता कसा होईल?

अमेरिकेंतील न्यायालयांपुढें हीच शंका अनेक वेळां आली, आणि त्यांचीं उत्तरें एकमेकांविरुद्ध गेलीं. ओरेगन राज्याच्या अपील न्यायालयानें २००२ सालीं असें ठरविलें कीं, अटक झालेला मनुष्य आपल्या इच्छेनें तुरुंगांत येत नाहीं. त्यास पुडी बाळगल्याबद्दल शिक्षा करा, परंतु ती तुरुंगांत आणल्याबद्दल करतां येणार नाहीं, कारण आणण्याची क्रिया त्याची स्वेच्छेची नव्हे. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं याच धोरणानें, तुरुंगांत द्रव्य सांपडल्यास शिक्षा वाढविण्याचें जें कलम होतें तें स्वेच्छेवांचून लागू पडणार नाहीं असा निर्णय दिला.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच २०१० सालीं उलट मार्ग धरला. त्या राज्याच्या दंडसंहितेचें ४५७३ वें कलम जाणूनबुजून तुरुंगांत मादक द्रव्य आणणारास शिक्षा सांगतें. त्या न्यायालयाचें म्हणणें असें: कायद्यांत ‘जाणून’ हा शब्द आहे, ‘तुरुंगांत येण्याच्या इच्छेनें’ असे शब्द नाहींत, व ते आम्ही घालणार नाहीं. अटक झालेल्यास दाराशीं इशारा मिळाला होता, जवळ कांहीं असल्यास सांगण्याची संधि होती, आणि त्यानें तें लपवून आंत पाऊल टाकिलें. एवढें स्वातंत्र्य कर्तृत्वास पुरेसें आहे. यावर असा आक्षेप निघाला कीं, दाराशीं सांगावें तर स्वतःविरुद्ध साक्ष दिल्यासारखें होतें, व तशी सक्ती तर अमेरिकेच्या राज्यघटनेनें निषिद्ध केली आहे. न्यायालयाचें उत्तर असें कीं, एका गुन्ह्याविषयीं मौन धरण्याच्या हक्कांतून दुसरा गुन्हा करण्याचा हक्क निघत नाहीं.

दोन्ही पक्ष वजनदार आहेत. परंतु आपला १८९४ चा पाठ समग्र वाचला तर त्यांतच या शंकेचा परिहार बराचसा सांपडतो असें मला वाटतें. २४ वें कलम सांगतें कीं, प्रत्येक कैद्याची आंत घेतांना झडती घ्यावी व निषिद्ध वस्तु काढून घ्याव्या. ४४ वें कलम सांगतें कीं, ४२ व्या कलमांतील मनाई व शिक्षा इंग्रजींत व देशी भाषेंत लिहून ती सूचना तुरुंगाच्या बाहेर ठळक जागीं लावावी. बाहेर, हा शब्द पाहण्यासारखा आहे. उंबरठ्याच्या अलीकडे सूचना, उंबरठ्यावर झडती, व पलीकडे दंड, असा हा क्रम आहे. ज्यानें सूचना ऐकली, ज्यास बोलण्याची संधि मिळाली, व ज्यानें झडतींतूनही वस्तु लपविली, तो कर्ता म्हणावा. ज्याची झडती दारांतच होऊन वस्तु निघाली, त्यास ‘आणणारा’ म्हणणें म्हणजे २४ व्या कलमाचें कामच ४२ व्या कलमाकडून करून घेण्यासारखें आहे. एका वाक्याचा अर्थ दुसऱ्या वाक्यास निरर्थक करील असा लावूं नये, हा आपल्याकडील जुना दंडक येथें तंतोतंत लागू पडतो.

(४)

दुसरा शब्द ‘बाळगणें’, ज्यास आपल्या न्यायालयांत ‘ताबा’ म्हणतात.

हातांत वस्तु आहे एवढ्यानें ताबा होतो काय? १८७८ च्या अफूच्या कायद्याखालील एका खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं स्पष्ट केलें कीं, ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. वस्तु काय आहे याचें ज्ञान नसेल तर तो ताबा दंडास पात्र नाहीं. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें मात्र पुराव्याचा भार फिरविला. २००३ सालीं हिमाचल प्रदेशांतील चरसाच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्याचीं ३५ वें व ५४ वें हीं दोन कलमें एकत्र वाचून सांगितलें कीं, एकदां प्रत्यक्ष ताबा सिद्ध झाला म्हणजे तो अजाणतां होता हें आरोपीनें दाखवावें. ज्ञान हें ताब्याचें अंग राहिलेंच. पण तें कोणीं सिद्ध करावयाचें हें बदललें.

हा फरक तुरुंगांत फार मोठा होतो. घरांत मनुष्याच्या पेटीस कुलूप असतें. कोठडींत कुलूप दाराच्या बाहेरच्या बाजूस असतें, आणि आंत दहा माणसें एका सतरंजीवर निजतात. अशा ठिकाणीं एका उशीखालीं पुडी सांपडली तर ती कोणाची, हें ठरविणें कठीण. ताबा म्हणजे वस्तूवर नियंत्रण. ज्याचें स्वतःच्या निजण्याच्या जागेवरही नियंत्रण नाहीं त्याच्या माथीं ताबा मारतांना ज्ञानाचा पुरावा अधिक काळजीनें पाहिला पाहिजे, कमी नव्हे. मी हें दयेपोटीं म्हणत नाहीं. शब्दाच्या अर्थांतूनच तें निघतें.

(५)

आतां ज्या वादासाठीं मुख्यतः हा लेख लिहिला तो सांगतों.

कॅलिफोर्निया दंडसंहितेच्या ४५७३.६ या कलमानें तुरुंगांत मादक द्रव्य जाणून बाळगणें हा मोठा गुन्हा ठरविला आहे. शिक्षा दोन, तीन अथवा चार वर्षें. पूर्वींच्या एखाद्या गंभीर गुन्ह्याची नोंद असल्यास ती दुप्पट होऊं शकते. परंतु कोणतें द्रव्य? आरोग्य व सुरक्षा संहितेच्या दहाव्या विभागानें ज्याच्या ताब्यास मनाई केली आहे तें, असें त्या कलमांत विशेषण आहे. १९९३ सालीं एका अपील न्यायालयानें या विशेषणाच्या आधारें, वैद्याच्या लेखी आज्ञेनें मिळालेलें औषध तुरुंगांत आणणारा मनुष्य भगिनी-कलमाखालीं दोषी होत नाहीं असें म्हटलें. कारण त्या औषधाचा ताबा मुळांत निषिद्धच नव्हता.

नोव्हेंबर २०१६ मध्यें त्या राज्याच्या मतदारांनीं ‘प्रस्ताव ६४’ प्रत्यक्ष मतदानानें मंजूर केला. एकवीस वर्षांवरील मनुष्यानें २८.५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगणें, अन्य कायद्यांत कांहींही असलें तरी, निर्दोष ठरलें. त्याच प्रस्तावांत कांहीं अपवाद राखून ठेविले. त्यांपैकीं एक असा कीं, तुरुंगांत गांजा ओढणें अथवा सेवन करणें यांच्याशीं संबंध असलेले जे कायदे आहेत त्यांस या प्रस्तावानें बाधा येत नाहीं. ओढणें व सेवन करणें हे दोन शब्द तेथें आहेत; बाळगणें हा शब्द नाहीं.

झालें. कैद्यांकडून अर्ज येऊं लागले. २०१९ सालीं सान फ्रान्सिस्को येथील प्रथम जिल्ह्याच्या अपील न्यायालयानें म्हटलें कीं, ‘संबंध असलेले’ हे शब्द विस्तृत आहेत. बाळगल्यावांचून ओढतां येत नाहीं, तेव्हां बाळगण्याचा कायदा हा ओढण्याशीं संबंध असलेलाच कायदा आहे. कांहीं महिन्यांनीं त्याच वर्षीं सॅक्रामेंटो येथील तृतीय जिल्ह्याच्या न्यायालयानें पांच कैद्यांच्या एकत्रित प्रकरणांत नेमकें उलट सांगितलें: ओढणें निराळें, बाळगणें निराळें, सेवन गुन्हा राहिला, अल्प ताबा राहिला नाहीं, परिणाम शहाणपणाचा नसला तरी शब्द तसे आहेत, आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यांस आपल्या नियमांनीं शिस्त राखण्यास कोणी अडविलें नाहीं.

एकाच राज्यांत, एकाच ओळीचे, एकाच वर्षीं दोन अर्थ झाले. १२ ऑगस्ट २०२१ रोजीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें हा वाद मिटविला. न्यायमूर्ति ग्रोबन यांनीं लिहिलेल्या निर्णयाचा सारांश असा कीं, ‘संबंध असलेले कायदे’ या शब्दांत ताब्याचे कायदे येतात. तुरुंगांतील गांजा निर्दोष करण्याइतका मोठा फेरफार मतदारांस करावयाचा असता तर त्यांनीं तो अधिक स्पष्टपणें केला असता. शिक्षा फार कठोर वाटत असेल तर ती कमी करणें हें कायदेमंडळाचें व मतदारांचें काम आहे, न्यायालयाचें नव्हे.

(६)

हा वाद मीमांसकापुढें आणला असता तर त्यानें काय म्हटलें असतें?

प्रथम वाक्यांची जात ठरवावी लागेल. तुरुंगांत बाळगूं नये हा मूळ निषेध. अल्प गांजा बाळगावा ही २०१६ ची अभ्यनुज्ञा. तुरुंगांतील सेवनासंबंधीं कायदे कायम, हा प्रतिप्रसव. म्हणजे अपवादानें हटलेला मूळ नियम पुन्हां उभा करणारें वाक्य. प्रतिप्रसवाचा नियम असा कीं, जेवढें पुन्हां उभें केलें असेल तेवढेंच उभें राहतें, अधिक नाहीं. सर्व प्रश्न मग एवढाच राहतो, कीं किती उभें केलें.

तृतीय जिल्ह्याच्या पक्षास कलंजभक्षणाच्या निषेधाचा दृष्टांत शोभेल. जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत या निषेधाचा विचार आला आहे. कलंज म्हणजे काय याविषयीं एकमत नाहीं. विषारी बाणानें मारलेल्या पशूचें मांस असा एक अर्थ कोशांत आढळतो, आणि तमाखू असाही आढळतो. पण निषेध भक्षणाचा आहे. कलंज घरांत आहे म्हणून कोणीं दोषी ठरविला नाहीं. शिवाय प्रस्ताव ६४ मध्यें दुसरीकडे, शाळेच्या आवारांत मुलें असतांना गांजा ‘बाळगणें, ओढणें अथवा सेवन करणें’ यांस मनाई आहे. लेखक तोच, प्रसंग सारखा, आणि एके ठिकाणीं तीन क्रियापदें, दुसरे ठिकाणीं दोनच. आपण पोथीच्या संपादनांत असा भेद पाहिला तर तो हेतुपुरस्सर मानतों. लेखकप्रमाद म्हणावयाचा तर त्यास निराळें प्रमाण हवें.

दुसऱ्या पक्षास काकदधिन्याय उपयोगी पडेल. दही कावळ्यांपासून राखण्यास सांगितलेला मुलगा मांजरास दही खाऊं देत नाहीं, कारण ‘कावळा’ हें दह्याचा नाश करणाऱ्या सर्वांचें उपलक्षण आहे. तसें ‘ओढणें’ हें तुरुंगांत गांजा असण्याचेंच उपलक्षण. त्याहून बळकट मुद्दा असा कीं, तुरुंगांत गांजा ओढणें यासच शिक्षा सांगणारें स्वतंत्र कलम दंडसंहितेंत नव्हतें. शिक्षा ताब्यास होती. मग ताबा वगळला तर राखून ठेवलेला अपवाद राखणार तरी काय? श्रुति प्रकरणाहून बलवान हें खरें; परंतु बलवान प्रमाण निरर्थक होऊं लागलें तर बलाबल उलटतें, असेंही मीमांसक सांगतात.

हा मुद्दा मला प्रथम निर्णायक वाटला होता. पण पुन्हां पाहतां त्यांत एक फट दिसली. त्या राज्याच्या कारागृह-नियमांत कैद्यानें मादक द्रव्य सेवन करणें व बाळगणें या दोहोंस पूर्वींपासून मनाई आहे. नियम हाही कायदाच. तेव्हां दंडसंहितेंतील कलम सोडलें तरी राखण्यास कांहीं उरत होतें. अपवाद अगदींच निरर्थक होत नव्हता.

अशा समबल ठिकाणीं मला मीमांसेंतील दुसरा एक भेद अधिक उपयोगाचा वाटतो. दर्शपूर्णमासाच्या प्रकरणांत असत्य बोलूं नये असें आहे. असत्य सर्वत्रच वर्ज्य असतां येथें पुन्हां कां सांगितलें? तर हा निषेध क्रत्वर्थ आहे, पुरुषार्थ नव्हे. सर्वसाधारण निषेध मोडला तर पुरुष दोषी होतो. क्रत्वर्थ निषेध मोडला तर यज्ञांत वैगुण्य येतें, आणि त्याचें प्रायश्चित्त यज्ञाच्या आंतच असतें. जेव्हां बाहेर गांजा निर्दोष झाला, तेव्हां तुरुंगांतील त्याचा निषेध हा केवळ क्रत्वर्थ, म्हणजे संस्थेच्या शिस्तीसाठीं उरला. निषेध उरला हें बहुमताचें म्हणणें मला मान्य आहे. परंतु त्याचें प्रायश्चित्त पूर्वींइतकेंच, म्हणजे नवीन दोन ते चार वर्षें असावें, हें त्या निषेधाच्या बदललेल्या जातीशीं जुळत नाहीं. न्यायालयानें कठोरतेचा उल्लेख केला व हात आंखडता घेतला, यांत त्याच्या मर्यादेचा मान आहे. पण भार शेवटीं कैद्यावर पडला. प्रस्ताव लिहिणारानें एक क्रियापद लिहिलें असतें किंवा एक विशेषण गाळलें असतें, तर पांच वर्षें हा प्रश्न उठलाच नसता.

(७)

आपल्या १८९४ च्या कायद्यांत हा भेद जवळजवळ याच रूपानें पाळलेला आहे, हें मला नमूद केलें पाहिजे. बाहेरून निषिद्ध वस्तु आणणें हा ४२ व्या कलमाचा गुन्हा. कैद्यानें ती घेणें, बाळगणें अथवा दुसऱ्यास देणें हें ४५ व्या कलमांतील ‘तुरुंगांतील अपराध’. त्याचा निर्णय अधीक्षकानें करावयाचा, व शिक्षा ४६ व्या कलमांतील. अधीक्षकाच्या अधिकारांतील शिक्षा अपुरी वाटेल असा प्रसंग असेल तर ५२ व्या कलमानें मॅजिस्ट्रेटाकडे जावयाचें. त्या ४६ व्या कलमाच्या मूळ यादींत ताकिदीपासून बेड्या व फटके यांपर्यंत सर्व होतें, तेव्हां या कायद्यास दयाळू म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु संस्थेचा दोष व राज्याचा गुन्हा हे निरनिराळे आहेत, ही जाणीव त्यांत आहे.

१९८५ च्या कायद्यानें चित्र बदललें. त्याच्या आठव्या कलमांत ‘बाळगणें’, ‘वापरणें’ व ‘सेवन करणें’ हीं क्रियापदें निरनिराळीं घातलीं आहेत, त्यामुळें कॅलिफोर्नियासारखा वाद आपल्याकडे शब्दावरून उठणार नाहीं. तो कायदा तुरुंगाच्या भिंतीशीं थांबत नाहीं. कैद्याजवळ सांपडलेल्या गांजासही तो लागू आहे. मात्र गांजाच्या व्याख्येंत फुलोरा अथवा फलोरा पाहिजे. नुसतीं पानें, म्हणजे आपली भांग, तींत येत नाहीं. तेव्हां कोठडींत भांगेची गोळी सांपडली तर पुन्हां तुरुंगाचे नियमच पाहावे लागतात, आणि आपण पुन्हां १८९४ च्या व्याख्येशीं येऊन थांबतों.

पाठभेदाची आवड असणारांसाठीं शेवटीं एक स्थळ दाखवितों. १९८८ सालच्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारांत मादक द्रव्यांचा गुन्हा अधिक गंभीर मानण्याचीं कारणें दिलीं आहेत; त्यांत गुन्हा कारागृहांत, शिक्षणसंस्थेंत अथवा समाजसेवेच्या स्थानीं घडणें हें एक आहे. आपल्या १९८५ च्या कायद्यांत २००१ सालीं ३२-ब हें कलम घातलें गेलें. त्यांतील शब्द त्या कराराच्या शब्दांशीं फार मिळतेजुळते आहेत. शिक्षणसंस्था आली, समाजसेवेचें स्थान आलें. कारागृह आलें नाहीं. न्यायालयास योग्य वाटतील तीं इतर कारणेंही विचारांत घेण्याची मुभा त्याच कलमांत आहे, म्हणून या गाळण्याचा व्यवहारांत फार परिणाम होईलच असें नाहीं. परंतु शब्द गळाला तो लेखकाच्या हातून कीं मनानें, हा प्रश्न पोथी वाचणारा मनुष्य विचारल्यावांचून राहणार नाहीं. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. कारागृहांतील अपराधास १८९४ पासून निराळी व्यवस्था असतां ती येथें मिसळूं नये, असा अर्थ त्या मौनांतून काढतां येतो. एखाद्या विद्वानानें या कलमाचे मसुदे पाहून याचा निर्णय केला तर बरें होईल.

(८)

वरील विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत असें. ‘आणणें’ या शब्दांत कर्त्याचें स्वातंत्र्य पाहावें. ‘बाळगणें’ या शब्दांत ज्ञान पाहावें, आणि कोठडींत तें अधिक बारकाईनें पाहावें. आणि निषेध द्रव्याचा आहे कीं स्थानाचा, हें ठरविल्यावांचून शिक्षेचें माप ठरवूं नये. हे तीन नियम मीं नवीन केलेले नाहींत. पाणिनि, जैमिनि व आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे यांत ते विखुरलेले आहेत. मीं ते एका दोऱ्यांत ओंवले इतकेंच.

पोथीतील शब्दाचा अर्थ लावतांना आपण सावध असतों, कारण ती पोथी आपल्या पूर्वजांची आहे. कायद्यांतील शब्दाचा अर्थ लावतांना तितकेंच सावध राहण्याचें कारण असें कीं, त्या शब्दाच्या आंत कोणी तरी कोंडलेला असतो.